रक्त गाडीत असताना: एका होमोसिस्टीन अभ्यासाचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका घाटाखालच्या तालुक्यातलं आहे. गावं, संस्था आणि माणसं ओळखू येतील असं सगळं काढून टाकलंय. त्या अभ्यासात रक्ताचे नमुने आणि त्यांच्या नोंदी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे खाली ज्या चुका येतील त्यातल्या दोन-तीन थेट माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

साठीनंतर चाल मंदावते, मुठीतला जोर कमी होतो, शेजारच्या पोराचं नाव पटकन ओठावर येत नाही. यातलं किती वयाने होतं आणि किती खाण्यातल्या कमतरतेने, हे शोधायचं होतं. कमतरता असेल तर ती भरून काढता येते, म्हणून हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला. तालुक्यातली सात गावं निवडली: चार खाली नदीकाठची, डांबरी रस्त्यावरची, आणि तीन वर घाटमाथ्यावरची. साठीच्या पुढची सुमारे ३०० माणसं.

प्रत्येकाची स्मरणशक्तीची छोटी चाचणी, हाताच्या पकडीचा जोर आणि चार मीटर चालायला लागणारा वेळ घ्यायचा. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही खडूने दोन रेघा मारायचो. एका आजींनी रेघेवर उभं राहून पदर खोचला आणि विचारलं, “पळायचं का चालायचं?” “रोजच्यासारखं चाला,” असं सांगितल्यावर म्हणाल्या, “रोज डोक्यावर हंडा असतो, तो आणू का?”

याच्या जोडीला रक्त. रक्तातली प्रमुख तपासणी होमोसिस्टीनची.

होमोसिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल आहे. प्रथिनांतून आलेल्या मेथिओनिनपासून ते पेशींमध्ये सतत तयार होतं आणि सतत मार्गी लागतं. त्याचं परत मेथिओनिन व्हायला बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं लागतात, दुसऱ्या वाटेने निचरा व्हायला बी-६ लागतं. यातलं काही कमी पडलं की होमोसिस्टीन साचतं. १९६९ मध्ये किल्मर मॅककली या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन प्रचंड वाढलेल्या मुलांच्या धमन्या पाहिल्या. वय कोवळं आणि धमन्या म्हाताऱ्या, असा तो प्रकार होता. तिथून या रेणूचं नाव हृदयविकाराशी जोडलं गेलं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम अभ्यासाने दाखवलं की रक्तातलं होमोसिस्टीन १४ मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर असलेल्या वृद्धांमध्ये अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट दिसतो.

आपल्याकडे या रेणूला वेगळं महत्त्व आहे. २००१ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तपासलेल्या पुणेकरांपैकी जवळपास निम्म्यांचं बी-१२ कमी होतं आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणांचं होमोसिस्टीन १५ च्या वर होतं. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून येतं. ज्या घरात मटण सणाला आणि दूध चहापुरतं, तिथे हे कमी निघणार हे उघड आहे. आमच्या अभ्यासाची कल्पना इथूनच आली.

काय मोजायचं आणि कसं आणायचं

पहिला निर्णय पैशांचा होता. मूळ प्रस्तावात मिथाइलमॅलोनिक आम्ल हाही मार्कर, म्हणजे रक्तातली खूण, होता. बी-१२ कमी पडलं की तोही वाढतो. तो होमोसिस्टीनपेक्षा बी-१२ शी जास्त एकनिष्ठ आहे आणि रक्त थोडं उशिरा पोचलं तरी फारसा हलत नाही. पण तपासणी महाग, आणि त्यासाठी लागणारं यंत्र मोजक्याच ठिकाणी. अंदाजपत्रक कापायची वेळ आली तेव्हा तो गेला. साखरेसाठीची करड्या झाकणाची ट्यूबही गेली, कारण साखर हा आमचा विषय नव्हता. ती पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या सीरमवरच, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवावरच, करायचं ठरलं.

दुसरा निर्णय सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनचा. होमोसिस्टीनसाठी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलेलं रक्त लगेच बर्फावर ठेवायचं आणि तासाभरात फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा द्रव, वेगळा काढायचा, असं आमच्याच कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. कारण साधं आहे. ट्यूबमध्ये गेल्यावरही लाल पेशी जिवंत असतात. त्या आत मेथिओनिन वापरत राहतात आणि तयार झालेलं होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. शरीरात ते वापरायला यकृत आणि मूत्रपिंड असतात, ट्यूबमध्ये कोणी नसतं. साधारण खोलीच्या तापमानाला पहिल्या काही तासांत हा आकडा दर तासाला १० टक्क्यांच्या आसपास चढतो. एकदा प्लाझ्मा वेगळा झाला की मग काही होत नाही, तो दिवसचे दिवस स्थिर राहतो.

सेंट्रिफ्यूज तालुक्याच्या गावी, आमच्या खोलीत ठेवायचं ठरलं. खालची चारही गावं तिथून अर्ध्या तासावर. वरच्या तीन गावांसाठी जीपने घाट चढून जायचं आणि लसीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून रक्त खाली आणायचं. कागदावर दीड तास. “बर्फ आहे ना? मग चालेल,” असं मीच म्हणाले होते.

निकाल फारच छान आले

रक्त घेतलं एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात वरचा रस्ता भरवशाचा नसतो म्हणून त्याआधी उरकायचं होतं.

जुलैत आकडे हातात आले आणि आमच्या खोलीत चहाबरोबर भजी आली. वरच्या गावांतलं होमोसिस्टीन खालच्यापेक्षा ठळकपणे जास्त होतं. एखाद-दुसऱ्या माणसाचा हा प्रश्न नव्हता, सगळा गटच वर सरकलेला. अभ्यासाचे प्रमुख असलेल्या सरांच्या डोक्यात गोष्ट तयार झाली आणि ती पटण्यासारखीही होती. वरच्या गावांत म्हशी आहेत, पण दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं. जेवणात नाचणी, वरी, भात, सुकट असली तर सुकट. दुर्गम भाग, निकस आहार, बी-१२ ची उपासमार. परिषदेसाठी सारांश आठवड्यात लिहून झाला आणि पाठवलाही.

तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. त्या आम्ही पाहिल्या, आणि समजावून बाजूला ठेवल्या. या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो.

पहिली गोष्ट अशी की बी-१२ वर आणि खाली जवळजवळ सारखंच कमी होतं. होमोसिस्टीन बी-१२ मुळे वाढलं असेल तर बी-१२ मध्येही फरक दिसायला हवा. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही सारखं, म्हणजे मूत्रपिंडाचं कारण नाही. आकडेवारी पाहणाऱ्या मॅडमनी हे बैठकीत विचारलं. सरांचं उत्तर तयार होतं: सीरम बी-१२ हा कच्चा मार्कर आहे, ते रक्तात दिसलं तरी पेशींना मिळतंच असं नाही, पेशींची खरी तहान होमोसिस्टीन दाखवतं. यातलं एक अक्षर चुकीचं नाही. पाठ्यपुस्तकांत हेच लिहिलेलं असतं. आणि म्हणूनच ते इतकं सहज गळी उतरलं.

दुसरी गोष्ट व्हरांड्यातली. वरच्या गावांतली माणसं खालच्यांपेक्षा भरभर चालत होती. आमच्या गृहीतकाप्रमाणे होमोसिस्टीन जास्त म्हणजे चाल मंद. इथे उलटं दिसत होतं. “डोंगराची सवय,” आम्ही म्हणालो. तेही खरंच असेल. पण आपल्या बाजूचा आकडा आला की शरीरशास्त्र आणि विरुद्ध आला की सवय, अशी वाटणी आम्ही करत होतो हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

अडचण समोर आली ती दारातून

ऑगस्टमध्ये प्रत्येकाला त्याचा अहवाल घरपोच दिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सहभागी व्यक्तीच्या उपयोगाची माहिती तिला देण्यावर भर आहे, आणि गावात तर लोक पहिल्याच दिवशी विचारतात, “रिपोर्ट कधी मिळल?” आम्ही प्रयोगशाळेतून आलेला कागद तसाच दिला. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक, बाजूला वरच्या दिशेचा बाण, आणि कागदाच्या तळाशी छापलेलं ठरावीक वाक्य: हृदयविकाराच्या वाढीव धोक्याशी संबंध.

सप्टेंबरच्या शेवटी वरच्या गावातला एक चाळिशीचा माणूस तालुक्याच्या खोलीवर आला. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद होते. एक आमचा, वडिलांचा, होमोसिस्टीन २६. दुसरा शहरातल्या एका प्रयोगशाळेचा, १८. मधल्या काळात त्याने वडिलांना मुंबईला भावाकडे नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी बाण पाहून हृदयाची ट्रेडमिल चाचणी करायला लावली. ती चांगली आली. मग होमोसिस्टीन पुन्हा करायला सांगितलं.

तो चिडलेला नव्हता. त्याने फक्त विचारलं, “ताई, यातला खरा कुठला?”

गोळ्या सुरू केल्या होत्या का, असं मी विचारलं. बी-१२ आणि फॉलिक ॲसिड घेतलं की आकडा उतरतो, हे सोपं उत्तर होतं. तो म्हणाला, गोळ्या दुसऱ्या रिपोर्टनंतर दिल्या. मग माझ्याकडे उत्तर उरलं नाही.

शोध

त्या रात्री मी नमुन्यांची वही काढली. ट्यूब क्रमांक, नाव, तारीख, रक्त घेणाऱ्याची सही, सगळं होतं. रक्त कधी घेतलं ती वेळ नव्हती आणि मशीन कधी फिरवलं तीही नव्हती. वहीत त्या रकान्यांची सोयच नव्हती. वहीचा आराखडा माझा.

जीप चालवणाऱ्या दादांना विचारलं. ते म्हणाले, “दीड तास कसला ताई? सकाळी सात-साडेसातला रक्त सुरू व्हायचं. सगळ्यांचं झाल्याशिवाय निघायचं नाही. मग तुमचं चालणं-बिलणं. जेवल्याशिवाय आशाताई सोडायच्या नाहीत. खाली यायला दोन वाजायचे. त्यातून लाईट नसली तर मशीन चारला.” आणि बर्फ? “दहापर्यंत पाणी.” रोज कुणीतरी तो डबा झाडाखाली सावलीत सरकवायचं, म्हणजे काळजी होती. पण मे महिन्यातली सावलीही काही थंड नसते.

दादांच्या आठवणीवर सारांश मागे घेता येत नाही. पुरावा हवा होता आणि तो अनपेक्षित ठिकाणी मिळाला. उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्या माणसांना चक्कर येऊ नये म्हणून आम्ही तिथेच बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघायचो आणि ती तपासणीच्या कागदावर टिपायचो. तीच साखर प्रयोगशाळेनेही पिवळ्या ट्यूबमधल्या सीरमवर मोजली होती. पेशी रक्तातून वेगळ्या केल्या नाहीत तर त्या ट्यूबमधली साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणजे बोटावरची साखर आणि ट्यूबमधली साखर यांतला फरक हेच एक घड्याळ होतं. आम्ही लावलेलं नसलं तरी ते चालू होतं.

मॅडमनी दोन रकाने शेजारी ठेवले. खालच्या गावांत दोन्ही आकडे एकमेकांच्या आसपास होते. वरच्या गावांत प्रयोगशाळेची साखर जवळजवळ प्रत्येकाची कमी, आणि काहींची तर इतकी की तो माणूस व्हरांड्यात रेघेवर उभाच राहू शकला नसता. वरच्या गावांतही ज्यांचं रक्त सकाळी आधी घेतलं गेलं, म्हणजे ज्यांची ट्यूब जास्त वेळ डब्यात राहिली, त्यांची साखर जास्त घटलेली आणि होमोसिस्टीन जास्त चढलेलं. ट्यूब क्रमांक रांगेच्या क्रमाने दिले होते म्हणून हे दिसलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आपण चार महिने लसीचा डबा मोजत होतो.”

कोणते पर्याय होते

बैठक तीन तास चालली. चार रस्ते समोर होते.

एक, वरच्या गावांचे आकडे टाकून द्यायचे आणि फक्त खालच्या गावांवर लिहायचं. स्वच्छ मार्ग. पण ज्यांच्यासाठी घाट चढलो तीच माणसं अभ्यासातून वजा होणार होती. शिवाय खालच्या गावांतही लाईट गेलेले दिवस होतेच.

दोन, वेळेनुसार आकडे दुरुस्त करायचे. तासाला १० टक्के, पाच तास, करा वजा. सरांना हा पर्याय आवडला होता आणि पहिल्या तासाभरात मलाही. मॅडम ठाम विरोधात. १० टक्के ही सरासरी आहे. उकाड्यात वेग वाढतो, बर्फ असेपर्यंत जवळजवळ थांबतो, आणि माणसागणिक बदलतो. त्यातून आमच्याकडे वेळा नाहीत. साखरेवरून वेळ काढायची, वेळेवरून दुरुस्ती काढायची आणि मग त्या आकड्यावरून आजोबांच्या मेंदूबद्दल बोलायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. मधुमेहींच्या बाबतीत साखरेचं घड्याळ आणखी गडबडलं असतं. हा पर्याय गेला.

तीन, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली एक परिच्छेद लिहून निबंध छापायचा. हे मोठ्याने कोणी सुचवलं नाही, पण ते खोलीत होतं. सारांश स्वीकारला गेला होता, प्रवासाची तिकिटं काढली होती.

चार, पुन्हा रक्त घ्यायचं. पैसे, नव्याने संमती, नैतिकता समितीची परवानगी, आणि मुख्य म्हणजे परत त्याच दारात जाऊन हात पुढे करा म्हणायचं.

चौथा निवडला. सरांनी सारांश मागे घेतला, आणि ते सोपं नव्हतं हे मी पाहिलंय. त्या दिवशी त्यांनी ईमेल तीनदा लिहून खोडला, मग दोन ओळींचाच पाठवला.

या निवडीत एक पोटप्रश्न होता आणि त्यावर खरा वाद झाला. पुन्हा रक्त फक्त वरच्या गावांत घ्यायचं की खालीही? पैशांच्या दृष्टीने फक्त वर. पण मग खालचा मे आणि वरचा जानेवारी यांची तुलना झाली असती. ऋतू वेगळा, हवा वेगळी, पालेभाजी वेगळी, म्हणून फोलेटही वेगळं. एक चूक काढताना तिच्या जागी दुसरी बसवल्यासारखं. शेवटी वरची सगळी माणसं आणि खालच्या दोन गावांतली, असं ठरलं.

काय केलं

आधी घरोघर जाऊन सांगितलं. पत्र पाठवावं असं एक मत होतं, पण पत्रातला ‘नमुन्याच्या हाताळणीतील त्रुटी’ हा शब्दप्रयोग आशाताईंनी वाचला आणि म्हणाल्या, “हे मी कुणाला समजवू?” मग मी आणि त्या मिळून गेलो. वाक्य साधं केलं: तुमच्या रक्तात तेवढा दोष नव्हता, आमच्याकडे ते उशिरा पोचलं, उन्हात राहिलं.

हंडा आणू का विचारणाऱ्या आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दूध उन्हात ठेवलं तर नासतं. रगात का न्हाय नासनार? येवढं शिकून ठावं न्हवतं व्हय तुमास्नी?” आणि हात पुढे केला. मी म्हटलं, आजी, आज नाही, जानेवारीत. त्यावर हसल्या.

सगळेच हसले नाहीत. काहींनी दुसऱ्यांदा रक्त द्यायला नकार दिला, तो त्यांचा हक्क होता. एकाने बाणाच्या भीतीने दोन महिने शेतात जाणं बंद केलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मुंबईला जाऊन आलेल्या कुटुंबाच्या तपासण्यांचा खर्च कोणी द्यायचा यावर अंदाजपत्रकात काहीच नव्हतं. नैतिकता समितीने तो संस्थेने द्यावा असं लिहून दिलं. मिळाला, पण वेळ लागला, आणि त्या काळात तो माणूस दोनदा खेटे घालून गेला.

जानेवारीची पद्धत अशी होती. छोटं सेंट्रिफ्यूज आणि इन्व्हर्टरची बॅटरी जीपमध्ये. शाळेच्या एका वर्गात मशीन मांडायचं. दहा माणसांचं रक्त झालं की थांबायचं, फिरवायचं, मग पुढची दहा. प्रत्येक ट्यूबवर सुई काढल्याची वेळ तिथल्या तिथे लिहायची आणि वहीत दोन नवे रकाने: ‘सुई’ आणि ‘मशीन’. दोन्हींत तासाभराहून जास्त अंतर पडलं तर त्या ट्यूबचं होमोसिस्टीन करायचंच नाही. दुहेरी खात्रीसाठी काही जणांचं मिथाइलमॅलोनिक आम्लही केलं. पहिल्या वेळी पैसे नाहीत म्हणून गाळलं होतं, आता दुप्पट खर्चात बसवलं.

एक जोड आम्ही मुद्दाम केली. आमच्यातल्या सहा जणांनी स्वतःचं रक्त दिलं आणि त्याच्या ट्यूबा वेगवेगळ्या तासांना फिरवल्या. सहाच्या सहा आकडे तासागणिक चढत गेले, पण प्रत्येकाचा चढ निराळा. माझा सगळ्यात जास्त. दुरुस्तीचं सूत्र का चाललं नसतं हे त्या एका तक्त्यात दिसलं, आणि सरांनी तो छापून भिंतीवर लावला.

काय हाती लागलं

वर-खालचा फरक बराचसा विरघळला. जो उरला तो इतका थोडा होता की त्यावर दुर्गम भागाची गोष्ट उभी राहत नव्हती. बी-१२ मात्र दोन्हीकडे कमीच, आधीसारखंच. म्हणजे आमचा मूळ अंदाज खरा होता, फक्त तो घाट पाहून बदलत नव्हता. डांबरी रस्त्यावरच्या, दारात दूध असलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचीही तीच अवस्था. त्यातली काही जण मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत होती, आणि त्या औषधाने बी-१२ चं शोषण कमी होतं हे जुनं ज्ञान आहे. खालच्या गावांत मधुमेही जास्त. वरच्या गोष्टीच्या नादात आम्ही खालच्या लोकांकडे नीट पाहिलंच नव्हतं.

चालण्याच्या वेगाशी होमोसिस्टीनचा संबंध क्षीण निघाला. स्मरणशक्तीशी थोडा दिसला, पण शिक्षण हिशोबात धरल्यावर तोही पुसट झाला. निबंध छापून आला तो छोटा, ‘फरक आढळला नाही’ असा. परिषदेत त्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हाताळणीची चूक त्यात पूर्ण पानभर लिहिली आहे, साखरेच्या आलेखासकट.

लोकांच्या उपचारांचं काय? ज्यांचं बी-१२ कमी होतं त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू केली. ती कमतरता आहे, तिला उपाय स्वस्त आहे, आणि हातापायांच्या मुंग्या बऱ्या होणं हा पुरेसा फायदा आहे. पण ‘होमोसिस्टीन उतरवलं की हृदय वाचेल’ असं आम्ही कोणाला सांगितलं नाही. २००६ मध्ये होप-२ ही साडेपाच हजार रुग्णांवरची आणि नॉर्वेतली नॉर्व्हिट, अशा दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. बी-जीवनसत्त्वांनी आकडा खाली आला, हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. मेंदूबाबत चित्र थोडं आशादायक आहे: २०१० मधल्या ऑक्सफर्डच्या व्हिटाकॉग चाचणीत, सौम्य विस्मरण असलेल्या वृद्धांमध्ये दोन वर्षं या जीवनसत्त्वांनी मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्के कमी झाला. ती चाचणी लहान होती. आजारासोबत दिसणारी खूण आणि आजार घडवणारं कारण यांत अंतर असतं, आणि होमोसिस्टीन नेमकं कुठे उभं आहे यावर अजून वाद चालू आहे. आमच्या कागदाच्या तळाशी मात्र तो वाद एका छापील वाक्यात मिटवून टाकलेला होता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट मी वहीत वेळेचा रकाना आखेन. बाकी सगळं त्यानंतर. त्या रकान्याला पैसे लागले नसते.

मार्कर निवडताना त्याच्या जीवशास्त्रावर आम्ही दोन महिने चर्चा केली आणि तो घाट कसा उतरेल यावर दहा मिनिटं. देशव्यापी लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडियाने, म्हणजे मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ४५ वर्षांपुढच्या लोकांवरच्या पाहणीने, गावोगावी बोटातून थेंब घेऊन कागदावर वाळवायची पद्धत वापरली. तिच्या स्वतःच्या मर्यादा आहेत, होमोसिस्टीनसाठी आम्ही ती वापरली नसती. पण रस्ता आणि वीज गृहीत न धरता मार्कर निवडायचा, हा क्रम त्यांचा बरोबर होता.

पथकातल्या ज्या माणसाला सगळं माहीत होतं त्याला आम्ही बैठकीला कधी बोलावलं नाही. बर्फ दहा वाजता वितळतो हे दादांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं. मे महिन्यात विचारलं असतं तर मे महिन्यात सांगितलं असतं.

मॅडमच्या प्रश्नाचं काय करायला हवं होतं, याबद्दल सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. सर म्हणतात, सीरम बी-१२ च्या मर्यादा खऱ्याच आहेत, त्या वेळी तो खुलासा योग्य होता. माझं म्हणणं, खुलासा योग्य असला तरी तो तपासून पाहायला एक दिवस द्यायला हवा होता, कारण साखरेचे दोन्ही रकाने तेव्हाही संगणकात होते. अहवाल वाटण्याआधी ते कळलं असतं.

आणि अहवाल. प्रयोगशाळेचा कागद जसाच्या तसा कोणाच्या घरी द्यायचा नाही, हे आता ठरलंय. वैद्यकीय अधिकारी आधी पाहतात, संशोधनापुरता असलेला आकडा वेगळ्या कागदावर जातो, बाण काढून टाकलाय.

मे महिन्यातला प्लाझ्मा अजून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आहे, वरच्या गावांचे तीन डबे. फेकावेत असं सर म्हणतात, जागा अडते. उशीर झाला तरी न बदलणारे काही रेणू त्यात मोजता येतील, असं मॅडम म्हणतात. त्यासाठी लोकांची नव्याने संमती लागेल. डब्यांवर मी लाल मार्करने ‘होमोसिस्टीनसाठी वापरू नये’ असं लिहिलंय. गेल्या महिन्यात बर्फ साचून ती अक्षरं पुसट झाली होती, मी परत गिरवली.